लस, सक्ती आणि विवेक

कीर्तन संपते, आरती होते, कपाळी बुक्का लागतो आणि मंडळी उठून जातात. पण दोघे-चौघे मागे रेंगाळतात. त्यांना काही विचारावयाचे असते आणि ते चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटत असतो. कीर्तनकाराची खरी परीक्षा तेथे होते. २०२२ सालच्या आषाढी वारीत एका मुक्कामी असाच एक तरुण टाळकरी मागे राहिला आणि म्हणाला, "महाराज, एक सांगा. कोरोनाची लस ज्यानं घेतली नाही तो पापी म्हणायचा, का ज्यानं घेतली त्याचा देवावर भरवसा नव्हता असं म्हणायचं?"

मी त्याला गोलमाल उत्तर दिले. म्हणालो, "बाळ, ज्याची त्याची श्रद्धा." तो पाया पडून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या तोंडावर दिसत होते. माझेही झाले नव्हते. कारण आमच्याच दिंडीत या एका गोष्टीपायी दोन माळकरी एका पंगतीला बसेनासे झाले होते, आणि त्या दुराव्याला थोडाबहुत मीही कारण होतो. त्या मुलाला जे उत्तर द्यावयास हवे होते, ते आज उशिराने येथे मांडतो.

आधी त्या दोघांची हकीकत सांगितली पाहिजे. एक आमचे वीणेकरी बुवा. वय सत्तरीचे, चाळीस वर्षांहून अधिक पायी वारी, आवाज असा की पहाटे काकड्याला उभे राहिले तर झोपलेले पोरही उठून बसावे. दुसरे आप्पा, साधे शेतकरी. आप्पांचे थोरले बंधू त्रेसष्ट वर्षांचे होते. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्या लोकांना लस देण्यास सुरुवात झाली तेव्हा ते बुवांकडे गेले आणि विचारते झाले, "बुवा, टोचून घेऊ का?" बुवा म्हणाले, "गळ्यात माळ आहे, नित्य हरिपाठ आहे, तुला सुई कशाला रे लागती? आन् या सुईवाल्यांचा काही नेम नाही." ते घरी परतले. एप्रिलच्या अखेरीस ताप आला, धाप लागली. तालुक्याला नेले तर प्राणवायूची खाट मिळेना. तिसऱ्या दिवशी गेले. त्या दिवसापासून आप्पा बुवांना 'माऊली' म्हणेनासे झाले. एकदाच बोलले, "तुमच्या शब्दावर माझा भाऊ गेला."

बुवा यावर काही बोलले नाहीत. पण त्यांच्या 'नेम नाही' या शब्दामागे काय आहे ते मला ठाऊक होते. १९७६ साली, आणीबाणीत, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेची जी धरपकड झाली तीत पंचविशीच्या या माणसाला शेतातून उचलून गाडीत घातले होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा झाला नाही; पण ज्याच्या अंगावर सुरी चालली त्याला कायदा झाला की नाही याचे काय? पंचेचाळीस वर्षांनी पांढरी गाडी पुन्हा गावात आली आणि "तुमच्या भल्यासाठी आहे" असे म्हणू लागली, तेव्हा त्याच्या मनात काय उठले असेल?

आता माझा दोष. आप्पांचे बंधू बुवांकडे जाण्याआधी माझ्या ओसरीवर येऊन बसले होते. मलाही त्यांनी तेच विचारले. मी म्हणालो, "आम्हांला त्यातलं काय कळतं? डॉक्टरांना विचारा." ऐकावयास हे उत्तर नम्रतेचे वाटते. परंतु मी स्वतः आठच दिवसांपूर्वी लस टोचून घेतली होती, आणि ते मी त्यांना सांगितले नाही. गावात दोन तट पडले होते, एका बाजूचे नाव घेतले असते तर निम्मी मंडळी नाराज झाली असती. म्हणून मी गप्प राहिलो. बुवा चुकले असतील, पण जे त्यांना खरे वाटत होते ते बोलले. मला जे खरे वाटत होते ते मी झाकून ठेवले.

असो. आता त्या मुलाच्या प्रश्नाचा विचार करू. त्यात दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष असा की, देवावर भरवसा असणाऱ्याने लस घेऊ नये. हा पक्ष टिकत नाही. चाळिशी लावल्यावाचून ज्ञानेश्वरीची ओवी दिसत नाही, म्हणून आपण चाळिशी लावतोच. वाटेत साप चावला तर दिंडीतला माणूस दवाखान्यातच नेतो. मग हीच एक सुई भक्तीच्या आड कशी येईल? अंगात रोगाचा शिरकाव होण्याआधी त्याची ओळख शरीराला करून देणे, एवढेच लशीचे काम. गावच्या राखणदाराला चोराचा चेहरा आधी दाखवून ठेवला म्हणजे तो रात्री चटकन ओळखतो, तसे ते आहे. यात देवाचा अपमान कोठे आला?

शिवाय आपल्या संप्रदायाचा पायाच पाहा. पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष भगवंत आले, तेव्हा तो मायबापांची सेवा करीत होता. त्याने देवाकडे वीट फेकली आणि थांबावयास सांगितले. देव थांबला, अजून थांबला आहे. नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. रामेश्वराला वाहावयाची काशीची गंगा त्यांनी वाळवंटात तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली. नेम मोडला का? नेम पुरा झाला. २०२० साली १ जुलैची आषाढी आली तेव्हा पायी वारी बंद होती आणि संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरीला गेल्या. २०२१ साली २० जुलैच्या आषाढीलाही मानाच्या दहा पालख्या बसनेच गेल्या. त्या वर्षी काही मंडळींनी पायी वारीचा आग्रह धरला, त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण घरी बसून ज्यांनी डोळ्यांत पाणी आणून पादुकांना हात जोडले, त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल? शेजाऱ्याच्या जिवासाठी देवाला थांबवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

आता दुसरा पक्ष: लस न घेणारा पापी, तो दुसऱ्याच्या जिवावर उठलेला, त्याला सक्तीने टोचावे. हा पक्ष अधिक जोरकस आहे, कारण त्यात परोपकाराची भाषा आहे. म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. आणि त्यासाठी वारकऱ्याला लांब जावयास नको, आपल्या वडिलांच्या आठवणीच पुरेत.

पंढरीची वाट आणि पटकीचा वाखा यांचे जुने वैर. यात्रा भरली, पाणी नासले, की माणसे पटापट जात. इंग्रज अंमलदार तर पालख्यांनाच रोगाचे वाहन समजत. पुढे पटकीची लस आली. माझे वडील सांगत की वाटेवर टोचणारे बसलेले असत. दाखला नसेल त्याला अडवीत. कोणी दंड चोळीत पुढे जाई, कोणी टोचणाऱ्याला पाहून आडरानात शिरे आणि ज्वारीच्या शेतातून पलीकडच्या पालाला निघे. वडील स्वतः टोचून घेत आणि पळणाऱ्यांना हसत.

पण पुढे काय झाले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. ती जुनी टोचायची लस टोचलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच उपयोगी पडे आणि तीही काही महिनेच. शिवाय टोचलेला माणूस स्वतः आजारी न पडता रोगाचे जंतू पोटात घेऊन फिरू शके. म्हणजे त्या दाखल्याने पंढरीचे रक्षण होत नव्हते. जगभर हाच अनुभव आला, आणि १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने परदेश प्रवासासाठी पटकीच्या लशीचा दाखला मागण्याचा नियम काढून टाकला. पटकीचा जोर खरा मोडला तो शुद्ध पाण्याने, संडासांनी आणि मीठसाखरेच्या पाण्याने. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर मीठसाखरेचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले.

याचा अर्थ पळणारे शहाणे आणि माझे वडील वेडे असा नाही. निम्म्या माणसांना काही महिन्यांचे संरक्षण मिळत असेल, तर वारीपुरते टोचून घेणे हे शहाणपणच होते. पण दुसऱ्याला अडवण्याचा अधिकार त्या लशीच्या अंगी नव्हता. येथे एक भेद नीट लक्षात ठेवावा. जी लस मुख्यतः घेणाऱ्याला वाचवते ती एक, आणि जी घेणाऱ्याकडून दुसऱ्याला होणारी लागणही अडवते ती दुसरी. पहिलीबद्दल आग्रह धरावा, हात जोडावेत, पाया पडावे. सक्तीचा विचार करावयाचा झाला तर तो दुसरीच्याच बाबतीत करता येईल. देवीची लस या दुसऱ्या प्रकारची होती. आमच्या पिढीच्या दंडावर तिचे वण अजून आहेत, आणि नातवंडांच्या दंडावर ते नाहीत, कारण १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. एकाचा वण दुसऱ्याच्या उपयोगी पडला.

मग कोरोनाची लस कोणत्या प्रकारची? येथेच सारा वाद होता. आरंभी ती बऱ्याच अंशी लागणही अडवील अशी आशा होती, आणि पहिल्या काही महिन्यांत तसा थोडा उपयोग दिसलाही. पण २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन आला आणि दोन-दोन डोस घेतलेल्यांनाही घरोघरी लागण झाली. नाकाघशातले संरक्षण लवकर ओसरते आणि विषाणूही रूप बदलतो. मात्र रोग छातीत उतरून जिवावर बेतण्यापासून लशीने पुष्कळ काळ वाचवले. किती जणांना वाचवले याबद्दल अभ्यासकांत मोठे अंतर आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या अभ्यासकांनी २०२२ साली पहिल्या एका वर्षात जगभर १ कोटी ४४ लाख ते १ कोटी ९८ लाख जीव वाचल्याचा अंदाज केला. २०२५ साली दुसऱ्या अभ्यासकांनी २०२० ते २०२४ या साऱ्या काळासाठी सुमारे २५ लाखांचाच आकडा मांडला, आणि त्यातले नव्वद टक्के लोक साठीच्या पुढचे होते असे सांगितले. हे दोन्ही हिशेब गणिताने काढलेले अंदाज आहेत. आकड्यांत जमीनअस्मानाचे अंतर असले तरी दोघेही एका गोष्टीवर येतात: जीव वाचले, आणि वाचले ते बहुतकरून म्हाताऱ्यांचे. आमच्या दिंडीत अर्धी डोकी पांढरी आहेत. आप्पांचे बंधू त्यांतलेच होते. त्यांना लस मिळाली असती तर ते वाचलेच असते असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. त्यांची वाचण्याची आशा पुष्कळ वाढली असती, एवढे मात्र सांगता येते, आणि ते थोडे नाही.

आता लशीच्या धोक्याविषयी. येथे दोन्ही तटांनी खोटेपणा केला. एकीकडे कोणी उठवले की लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, पुरुषत्व जाते. जून २०२१ मध्ये तर लस घेतलेल्याच्या अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात अशी बोंब झाली, आणि पोरे घरोघर उघड्या अंगाला चमचे लावून पाहू लागली. दुसरीकडे ३ जानेवारी २०२१ रोजी देशाचे औषध नियंत्रक लस एकशेदहा टक्के सुरक्षित असल्याचे बोलून गेले. आमच्या गावचा एक म्हातारा विचारी, "शंभराच्या वरचे दहा टक्के कुठनं आणले?" लोकांची भीती जावी म्हणूनच ते बोलले असतील. पण त्याच दिवशी ज्या दोन लशींना परवानगी मिळाली त्यांतल्या हैदराबादच्या कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती आले नव्हते. शंका काढणाऱ्या जाणत्या डॉक्टरांनाही काही ठिकाणी देशद्रोह्यासारखे वागवले गेले. मागाहून निष्कर्ष चांगले आले ही आनंदाची गोष्ट. पण हिशेब येण्याआधीच वही बंद करणाऱ्या मुनिमावर सावकार विश्वास ठेवील काय?

पुण्यात तयार झालेल्या कोव्हिशील्डचेही तसेच. तिच्यामुळे क्वचित रक्तात गुठळ्या होतात हे २०२१ च्या वसंतात युरोपात उघड झाले. आपल्या सरकारच्या समितीने १७ मे २०२१ रोजी सांगितले की भारतात अशा संभाव्य घटना २६ आढळल्या, म्हणजे दर दहा लाख डोसांमागे ०.६१. ब्रिटनमध्ये हे प्रमाण ४ आणि जर्मनीत १० सांगितले गेले. धोका फार थोडा, रोगाच्या धोक्यापुढे म्हाताऱ्यासाठी तर नगण्य. पण ज्या घरातले तरुण पोर त्या दहा लाखांतले एक निघाले, त्या घराला अपूर्णांकाचे समाधान पुरत नाही. त्याला आधी सांगावयास हवे होते, आणि मागाहून त्याचे दुःख नाकारू नये.

या बाबतीत हाफकिन साहेबांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजीर घराघरांत शिरत होते आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात झाला. एकाने आपले शरीर पुढे केले, दुसऱ्याने लोकांच्या शरीरावर हात टाकला. पुढे १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल येथे हाफकिनची लस टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. ते सारे एकाच बाटलीतून टोचलेले होते. ठपका हाफकिनवर आला, त्यांना कामावरून दूर केले, आणि ते निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. या एका हकीकतीत दोन्ही धडे आहेत. अपघात झाला तर तो झाकू नये. आणि अपघात झाला म्हणून विद्येलाच खोटी ठरवू नये.

राहिली सक्ती. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलगाडीत घेऊ लागले. २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्याच्या आदेशाने समारंभ, दुकाने, सार्वजनिक वाहने सगळीकडे पूर्ण लसीकरणाची अट आली. तेच जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत होते की लस ऐच्छिक आहे, कोणावर बळजबरी नाही. म्हणजे सुई ऐच्छिक, पण भाकरीची वाट बंद! रोजंदारीवर जाणाऱ्याला याहून वेगळी सक्ती ती कोणती?

अखेर डॉ. जेकब पुलियेल यांच्या अर्जावर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालय म्हणाले की कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, आपल्या शरीरावर माणसाचा अधिकार आहे. परंतु सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी ठरत नाही, आणि समाजाच्या हितासाठी गरजेपुरते निर्बंध घालता येतात, हेही न्यायालयाने सांगितले. मात्र लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा अधिक रोग पसरवतो असे दाखवणारी माहिती समोर आली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांपुढे ठेवा, असेही बजावले. पटकीच्या दाखल्याची जी गोष्ट वर सांगितली तीच ही नव्या रूपात.

यावर एक बळकट आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. आप्पाच मला म्हणाले होते, "महाराज, ज्यानं लस घेतली नाही त्यानं खाट अडवली, आणि दुसऱ्याला खाट मिळाली नाही. मग त्याचं अंग त्याचं एकट्याचं कसं?" हे म्हणणे खोटे नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाट आणि प्राणवायू हेच जीवनमरणाचे कोडे झाले होते. आपला देह सर्वस्वी आपला नाही हे तर वारकऱ्याला सांगावेच लागत नाही. पण आप्पांच्या प्रश्नातून मला निघणारे उत्तर असे: जो आजारी पडला तर खाट लागेल, त्या म्हाताऱ्याच्या दारी जावे, पुन्हा जावे, त्याची भीती ऐकून घ्यावी, त्याला स्वतःच्या गाडीवरून घेऊन जावे. दरवाजे बंद करून हुकमाने जे होते त्यापेक्षा याने अधिक होते. बुवांसारखा माणूस हुकमाने अधिकच मागे सरतो. १९७६ ची सुरी २०२१ साली आप्पांच्या भावाच्या आड आली, हा हिशेब सक्ती करणाऱ्यांनी कधी मांडला आहे काय? सक्तीने आजचे काम उरकते, पण तिचे कर्ज पुढच्या पिढीतला कोणी निरपराध फेडतो.

आता त्या तरुण टाळकऱ्याला माझे उत्तर. बाळ, लस न घेणारा पापी नव्हे आणि घेणारा अविश्वासीही नव्हे. पाप असेल तर ते येथे आहे: आपल्याला पुरते ठाऊक नसताना दुसऱ्याला छातीठोकपणे सांगणे, आणि ठाऊक असताना मान राखण्यासाठी गप्प बसणे. पहिले बुवांकडून घडले, दुसरे माझ्याकडून. आणि मला विचारशील तर दुसरे अधिक जड. ज्याच्या शब्दावर चार माणसे चालतात, त्याने आपल्या देहाचे काय केले हे तरी खरे सांगावे. "मी टोचून घेतली, दोन दिवस ताप आला, उतरला, तुमच्या वयाला घेणे बरे, मला जे कळत नाही ते अमुक, ते डॉक्टरांना विचारा," एवढी चार वाक्ये मी ओसरीवर बोललो असतो तर पुरे होते. पुढचा निर्णय त्यांचा होता.

रोग पुन्हा येतील, लशीही येतील. काही चांगल्या निघतील, काही पटकीच्या जुन्या लशीसारख्या अर्ध्यामुर्ध्या. प्रत्येक वेळी माळकऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: ही कोणाला वाचवते, मला की माझ्या पुढे चालणाऱ्याला? हिच्या धोक्याचा हिशेब उघडा आहे का? आणि मी घेत नसेन तर माझ्या नकाराचा भार दुसऱ्यावर पडू नये म्हणून मी काय करतो आहे? शेवटचा प्रश्न नकार देणाऱ्याने विसरू नये. अंगात ताप असताना पंगतीला बसणारा, लस घेतलेला असो वा नसो, दिंडीचा अपराधी आहे.

त्या वर्षी कार्तिकात आमच्या गावी सप्ताह बसला. विण्याच्या पहाऱ्याची यादी लागली, तीत बुवांच्या मागून पहाटे दोनचा पहारा आप्पांचा आला. यादी कोणी मुद्दाम तशी केली नव्हती. विणा गळ्यातून गळ्यात देताना एकमेकांच्या पाया पडावे लागते, ही आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. मी मंडपात जागा होतो. आप्पा आले, हात धुतले, बुवांसमोर उभे राहिले. बुवा म्हणाले, "मी तवा चुकलो." आप्पा काही बोलले नाहीत. वाकून पाया पडले, बुवाही वाकले, आणि विणा आप्पांच्या गळ्यात गेला.

भाऊ परत आला नाही, दुःख संपले नाही. त्या पहाटे ते दोघे बोललेही नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दुपारच्या पंगतीला दोघे एका ओळीत होते. आणि त्या रात्रीच्या कीर्तनात मी, फार उशिरा, माझ्या ओसरीवरची गोष्ट सर्वांना सांगितली. काही मंडळी नाराज झाली. ती व्हावयाचीच होती.

रामकृष्णहरी.